टीव्हीचे पैसे बुडाले म्हणून खेळाडू गेले का?

आपण मिनियापोलिसमध्ये राहता, मिनेसोटा ट्विन्स या बेसबॉल संघाचे सामने नेमाने पाहता आणि सॅन डिएगोत राहणाऱ्या आपल्या मित्राशी आपला एक जुना वाद चालू आहे. मित्राचे म्हणणे असे की, सामने दाखवणारी प्रादेशिक क्रीडा वाहिनी २०२३मध्ये दिवाळखोरीत गेली म्हणून सॅन डिएगोच्या पॅड्रेस संघाला हुआन सोटो हा फलंदाज सोडावा लागला आणि ट्विन्सना सनी ग्रे हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. आपले म्हणणे असे की, ही मालकांची सबब आहे, कारण त्याच वाहिनीचा फटका बसलेल्या ॲरिझोना डायमंडबॅक्सने त्याच हिवाळ्यात उलट खर्च वाढवला. या वादातून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: टीव्हीच्या पैशांचे हे नुकसान खरे किती, खेळाडू ठेवण्या-सोडण्याचे निर्णय त्यावर किती अवलंबून असतात, आणि ट्विन्सचे सामने दाखवणाऱ्या ट्विन्स.टीव्ही या सेवेसाठी आपण जी वर्गणी भरता ती खेळाडूंपर्यंत पोहोचते का.

प्रसारण हक्कांचे मूल्य ठरवणे हे माझे काम आहे. कधी संघासाठी, कधी वाहिनीसाठी, तर कधी त्यांना कर्ज देणाऱ्या बँकेसाठी मी हे हिशेब करत आलो आहे. खेळाडू निवडणे माझ्या अखत्यारीत येत नाही. पण खेळाडू निवडणाऱ्यांना ‘यंदा एवढेच’ असा आकडा ज्या बैठकीत कळतो, त्या बैठकीपुढचा कागद माझ्यासारख्याच कोणीतरी तयार केलेला असतो. त्या अनुभवावरून सांगतो की, आपण आणि आपला मित्र दोघेही अर्धे बरोबर आहात. ‘टीव्ही की मालक’ असा प्रश्न विचारला की उत्तर सापडत नाही. जे उत्पन्न गेले ते तात्पुरते गेले की कायमचे, ते गेल्याचे संघाला कधी कळले, आणि तोवर किती पैसा आधीच्या करारांत अडकलेला होता, या तीन गोष्टी पाहिल्या की एकाच संकटात दोन संघ विरुद्ध दिशांना का गेले हे समजू लागते.

सुरुवातीला रचना पाहू, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात आयपीएलचे चित्र असते आणि ते इथे दिशाभूल करते. आयपीएलचे प्रसारण हक्क मंडळ एकत्रित विकते. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी त्यांची किंमत ४८,३९० कोटी रुपये झाली आणि त्यातला संघांचा हिस्सा संघांत वाटला जातो. शिवाय लिलावासाठी प्रत्येक संघाची थैली सारखीच असते. २०२५च्या हंगामाआधीच्या मोठ्या लिलावात ती १२० कोटी रुपये होती. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये राष्ट्रीय प्रसारणाचे पैसे तीस संघांत सारखे वाटले जातात. पण हंगामातल्या १६२ सामन्यांपैकी बहुतांश सामने स्थानिक असतात आणि त्यांचे हक्क प्रत्येक संघ आपापल्या प्रदेशात स्वतंत्रपणे विकतो. पगारांवर कमाल मर्यादा नाही. ठरावीक आकड्याच्या वर गेल्यास कर भरावा लागतो, ज्याला सगळे लक्झरी टॅक्स म्हणतात. त्यामुळे लॉस एंजेलिस डॉजर्सना २०१४पासून पंचवीस वर्षांसाठी ८.३५ अब्ज डॉलरचा स्थानिक करार मिळतो, तर मिनेसोटाच्या जुन्या कराराची किंमत, प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, वर्षाला सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर होती. दोघे एकाच स्पर्धेत खेळतात आणि एकाच बाजारातून पिचर विकत घेतात.

हे स्थानिक पैसे येत कुठून होते? गृहनिर्माण संस्थेत तळमजल्यावरच्या कुटुंबालाही लिफ्टच्या देखभालीचा वाटा द्यावा लागतो, तसे केबलच्या मासिक बिलात प्रादेशिक क्रीडा वाहिनीचे काही डॉलर प्रत्येक घराला द्यावे लागत, मग त्या घरात बेसबॉल कोणी पाहो वा न पाहो. वाहिनीचा मोठा धंदा याच न पाहणाऱ्यांच्या पैशांवर उभा होता. जाहिराती हा पूरक भाग. मुख्य कमाई दर घरामागे दर महिन्याची. लोक केबल तोडून स्ट्रीमिंगकडे वळू लागले तेव्हा पहिले गेले ते न पाहणारेच. म्हणजे सामन्यांची लोकप्रियता तितकीच राहिली तरी उत्पन्न खाली येऊ शकत होते, आणि तसेच झाले. ‘इतके लोक सामने पाहतात, मग पैसे बुडतील कसे’ असे जे लोक विचारतात, त्यांचे उत्तर इथे आहे.

२०१९ साली डिस्नेने ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्सची मालमत्ता विकत घेतली. स्पर्धाविरोधी कायद्यामुळे फॉक्सच्या प्रादेशिक क्रीडा वाहिन्या विकणे तिला भाग पडले. त्यांपैकी एकवीस वाहिन्या सिंक्लेअर या कंपनीने सुमारे १०.६ अब्ज डॉलर मूल्याला घेतल्या, त्याही बहुतांशी कर्ज काढून, आणि त्यांच्या कारभारासाठी डायमंड स्पोर्ट्स ग्रुप ही उपकंपनी उभी केली. त्याच वर्षी डिशसारख्या मोठ्या वितरकाने या वाहिन्या दाखवणे थांबवले. पुढे वाहिन्यांना बॅली स्पोर्ट्स असे नाव मिळाले, पण ग्राहकांची गळती चालूच राहिली. १४ मार्च २०२३ रोजी आठ अब्ज डॉलरहून अधिक कर्जासह डायमंडने अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर अकराखाली, म्हणजे धंदा चालू ठेवून कर्जाची फेररचना करण्याच्या तरतुदीखाली, अर्ज केला. तारीख लक्षात ठेवावी: हंगाम सुरू व्हायला जेमतेम दोन आठवडे होते. संघांचे त्या वर्षीचे सगळे पगार तोवर ठरून गेलेले होते.

आता आपला पहिला प्रश्न, नुकसान खरे किती. २०२३ या वर्षापुरते बोलायचे तर ते बातम्यांच्या मथळ्यांपेक्षा बरेच कमी होते. पॅड्रेसचा करार वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरचा होता. डायमंडने हप्ता चुकवला आणि ३१ मेपासून त्यांचे प्रसारण लीगने स्वतःकडे घेतले. पण त्या हंगामापुरती कराराच्या ८० टक्के रकमेची हमीही लीगने दिली. ट्विन्स, क्लीव्हलँड गार्डियन्स, टेक्सास रेंजर्स आणि डायमंडबॅक्स यांच्या बाबतीत डायमंडने कमी पैसे देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ह्यूस्टनच्या दिवाळखोरी न्यायालयाने १ जून रोजी पूर्ण रक्कम देण्याचा आदेश दिला. जुलैमध्ये डायमंडबॅक्सचे प्रसारणही लीगकडे गेले. म्हणजे २०२३च्या हिवाळ्यात या संघांच्या तिजोरीत खड्डा पडलेला नव्हता. पुढच्या वर्षी तो किती खोल असेल याचा अंदाज मात्र कोणालाच येत नव्हता. माझ्या अनुभवात मालकवर्ग झालेल्या नुकसानीपेक्षा न मोजता येणाऱ्या नुकसानीला जास्त घाबरतो, आणि कर्ज देणारी बँक तर त्याहूनही जास्त.

नुकसान मोजताना आणखी एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. लीगच्या नियमांनुसार प्रत्येक संघाच्या निव्वळ स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग सामाईक निधीत जातो आणि तो निधी तीस संघांत समान वाटला जातो. नियमांत बरेच बारकावे आहेत, तरी ढोबळ गणित पाहण्यासारखे आहे. समजा, एकाच संघाचे टीव्ही-उत्पन्न २ कोटी डॉलरने घटले. त्याला निधीत ९६ लाख कमी भरावे लागतील. निधी ९६ लाखांनी लहान झाल्यामुळे त्याचा स्वतःचा वाटा ३ लाख २० हजारांनी घटेल. सगळे मिळून खरा फटका सुमारे १ कोटी ७ लाखांचा, म्हणजे जाहीर आकड्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. उरलेला भार बाकीच्या एकोणतीस संघांनी नकळत उचललेला असतो. म्हणून ‘टीव्हीचे २ कोटी गेले, म्हणून २ कोटींचा खेळाडू सोडला’ असे वाक्य कानावर आले की मी आधी त्यातले निम्मे वजा करतो.

मात्र ही उशी एकट्या संघासाठीच मऊ असते. दहा संघांचे प्रत्येकी २ कोटी गेले तर निधी ९ कोटी ६० लाखांनी आटतो, प्रत्येकाचा वाटा ३२ लाखांनी घटतो, आणि फटका बसलेल्या प्रत्येक संघाचे खरे नुकसान १ कोटी ३६ लाखांवर जाते. ज्यांचे काहीच बुडाले नव्हते त्या वीस संघांनाही प्रत्येकी ३२ लाखांची झळ बसते. तिसांचेही गेले तर उशी उरतच नाही. पहिल्या वर्षी सबब वाटणारी गोष्ट तिसऱ्या वर्षी खरी अडचण होऊ शकते ती यामुळे.

आता सोटोकडे वळू, कारण आपल्या मित्राचा सगळा भर त्याच्यावर आहे. डिसेंबर २०२३मध्ये पॅड्रेसनी सोटो आणि ट्रेंट ग्रिशम यांना न्यूयॉर्क यांकीजकडे पाठवले. त्या वेळी पॅड्रेसपुढे काय होते ते पाहा. मॅनी मचाडोचा ११ वर्षांचा ३५ कोटी डॉलरचा करार, फर्नांडो तातीसचा १४ वर्षांचा ३४ कोटींचा, झँडर बोगार्ट्सचा ११ वर्षांचा २८ कोटींचा, शिवाय यू दारविश आणि जो मसग्रोव्ह यांचे करार. यांतला कोणताही करार त्या हिवाळ्यात हलवता येण्यासारखा नव्हता. सोटो एकटाच असा होता की ज्याचा पगार मोठा, म्हणजे २०२४साठी ३ कोटी १० लाख डॉलर, आणि बाजारात ज्याला तितकीच मोठी मागणी. फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा, व्हायला त्याला एकच हंगाम उरला होता.

दुसरी बाजू कराची. पॅड्रेसनी २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षे लक्झरी टॅक्स भरला होता. २०२३चाच कर सुमारे ४ कोटी डॉलर होता. सलग तिसऱ्या वर्षापासून मर्यादेवरच्या रकमेवर कराचा मूळ दर ५० टक्के होतो आणि रक्कम फार वाढली तर त्यावर अधिभार लागतो. म्हणजे मर्यादेच्या वर गेलेल्या संघाला ३ कोटी १० लाखांचा खेळाडू प्रत्यक्षात साडेचार कोटींच्या पुढे पडतो. एक वर्ष मर्यादेखाली राहिले की दर पुन्हा २० टक्क्यांपासून सुरू होतो. २०२४ची मर्यादा २३ कोटी ७० लाख होती आणि पॅड्रेस तिच्याखाली राहिले. टीव्हीचा करार शाबूत असता तरी हा हिशेब तसाच उभा राहिला असता. त्यातच संघाचे मालक पीटर साइडलर यांचे नोव्हेंबर २०२३मध्ये निधन झाले होते. तोट्याची फिकीर न करता संघावर पैसा ओतण्याची वृत्ती त्यांची होती, आणि ती वृत्ती वारशाने मिळत नाही.

तिसरी बाजू निव्वळ बेसबॉलची. त्या हिवाळ्यात सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवणारा ब्लेक स्नेल, सेथ लुगो, मायकल वाका आणि जॉश हेडर हे सगळे पिचर फ्री एजंट झाले होते. सोटो आणि ग्रिशम यांच्या बदल्यात मायकल किंग, रँडी वास्केझ, जॉनी ब्रिटो, ड्रू थॉर्प आणि कॅचर काइल हिगाशिओका असे पाच जण आले. किंगचा २०२४चा पगार ३१ लाख ५० हजार डॉलर होता. नव्या खेळाडूंचा किमान पगार त्या वर्षी ७ लाख ४० हजार. तीन महिन्यांनी थॉर्पला आणखी काही तरुणांसह शिकागो व्हाइट सॉक्सकडे देऊन त्यांनी डिलन सीझ मिळवला. आउटफिल्डमध्ये ज्युरिक्सन प्रोफार हा १० लाख डॉलरच्या करारावर आला आणि वीस वर्षांचा जॅक्सन मेरिल शॉर्टस्टॉप सोडून सेंटर फील्डमध्ये उभा राहिला. दोघांनीही प्रत्येकी २४ होमरन मारले. २०२३मध्ये ८२ सामने जिंकणारा संघ २०२४मध्ये ९३ जिंकला. यात नशिबाचा भाग मोठा होता हे मान्य करायला हवे, कारण प्रोफार आणि मेरिल दोघेही एकाच वर्षी इतके चालतील अशी पैज मी लावली नसती. तिकडे सोटोनेही यांकीजसाठी ४१ होमरन मारून त्यांना वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम मालिकेपर्यंत, नेले, तेव्हा सौदा एकतर्फी होता असेही नाही.

म्हणून सोटोच्या जाण्यात टीव्हीचा वाटा किती, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, ‘आहे, पण तिसऱ्या क्रमांकाचा.’ कर पहिला, अडकलेले करार दुसरे. टीव्हीने एवढेच केले की, चूक झाली तर सावरायला जी ढील असते ती काढून घेतली. आणि सॅन डिएगोच्या बाबतीत त्या ढिलीची काही भरपाई मैदानातून झाली: २०२४मध्ये तिथे हंगामभरात ३३ लाखांहून अधिक प्रेक्षक आले, जो त्या संघाचा तोवरचा विक्रम होता. ज्या संघाचे मैदान रोज भरते त्याच्यासाठी टीव्हीचा फटका पचवणे वेगळे आणि एप्रिलच्या थंडीत अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळणाऱ्या संघासाठी वेगळे.

आपल्या ट्विन्सची गोष्ट याहून कमी गुंतागुंतीची आहे, आणि खरे सांगायचे तर कमी समर्थनीयही. लक्झरी टॅक्सचा त्यांच्याशी संबंधच नव्हता. ते मर्यादेच्या आसपासही नव्हते. २०२३मध्ये त्यांनी प्लेऑफमधल्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमधल्या, सलग १८ पराभवांची मालिका तोडली, २००२नंतर प्रथमच एक फेरी जिंकली, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात पगारबिल सुमारे ३ कोटी डॉलरने उतरवले. त्यांचा वाहिनीशी असलेला करार २०२३च्या अखेरीस संपत होता. म्हणजे त्यांचे बुडाले काहीच नव्हते. पुढचे ठरलेले नव्हते. इथे वेळापत्रकाचा मुद्दा येतो. खेळाडूंचे मोठे निर्णय नोव्हेंबरपासून सुरू होतात: कोणाच्या करारातला पुढच्या वर्षाचा पर्याय उचलायचा, फ्री एजंट होणाऱ्या कोणाला क्वालिफाइंग ऑफर, म्हणजे एका वर्षाचा ठरावीक रकमेचा प्रस्ताव, द्यायची, चाळीस जणांच्या यादीत कोणाला जागा द्यायची, पगार लवादाकडून ठरवून घेण्याच्या टप्प्यात आलेल्या कोणाला करारच द्यायचा नाही. ट्विन्सचा पुढील वर्षाचा टीव्ही-करार, तोही कमी दराने आणि एकाच वर्षाचा, जाहीर झाला तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. तोवर साय यंगच्या मतदानात दुसरा आलेला ग्रे तीन वर्षांच्या साडेसात कोटींवर सेंट लुइसला गेला होता आणि केंटा माएदा डेट्रॉइटला. जानेवारीअखेर होर्गे पोलांको सिएटलला गेला.

या यादीत एक गोष्ट दिसते, जी मला कामात वारंवार दिसली आहे. पगारबिलाला कात्री लागते तेव्हा ती वरच्या टोकाला लागत नाही, कारण ट्विन्सच्या कार्लोस कोरेयासारख्या बड्या खेळाडूंचे पैसे हमीचे असतात. खालच्या टोकालाही लागत नाही, कारण किमान पगाराच्या मुलापेक्षा स्वस्त कोणी नसते. लागते ती मधल्या पगाराच्या अनुभवी खेळाडूंना. पहिल्या सहा वर्षांत खेळाडू संघाच्या ताब्यात असतो. यादीत १७२ दिवस म्हणजे सेवेचे एक वर्ष धरले जाते, साधारण तीन वर्षांनी लवादाचा हक्क मिळतो आणि सहा वर्षांनी मुक्ती. त्यामुळे वर्षाला ५० लाख ते सव्वा कोटी मिळवणाऱ्या भरवशाच्या खेळाडूच्या जागी ७-८ लाखांचा नवखा बसवणे हा व्यवस्थापनाचा सगळ्यात सोपा मार्ग ठरतो. एप्रिलमध्ये हा बदल जाणवत नाही. जाणवतो तो ऑगस्टमध्ये, जेव्हा दोन पिचर जखमी होतात आणि मागे उभे राहायला कोणी नसते. १७ ऑगस्ट २०२४ रोजी ट्विन्स ७० विजय आणि ५३ पराभवांवर होते; उरलेल्या ३९ सामन्यांपैकी त्यांनी १२ जिंकले आणि प्लेऑफ हुकले. जुलैअखेरच्या अदलाबदलीच्या मुदतीत त्यांनी घेतलेला एकमेव खेळाडू होता ट्रेव्हर रिचर्ड्स. माझ्या मते टीव्हीच्या अनिश्चिततेची खरी किंमत ग्रेच्या जाण्यात नसून जुलैच्या त्या रिकाम्या हातांत आहे. आपल्याकडे कॉमकास्ट या कंपनीचे केबल असेल तर आपल्याला आठवत असेल की, त्याच उन्हाळ्यात मे ते जुलै असे तीन महिने कॉमकास्टच्या ग्राहकांना सामनेच दिसत नव्हते. पहिल्या क्रमांकासाठी झगडणारा संघ आणि शहरातल्या कितीतरी घरांत तो अदृश्य, ही स्थिती तिकीटविक्रीलाही मारक असते.

आता आपला हुकमी पत्ता, डायमंडबॅक्स. २०२३च्या वर्ल्ड सिरीजमधले दोन्ही संघ, ॲरिझोना आणि टेक्सास, हंगामाच्या सुरुवातीला बॅली स्पोर्ट्सच्याच छत्राखालचे होते. हरलेल्या ॲरिझोनाने एदुआर्दो रॉद्रिगेसला चार वर्षांचे ८ कोटी दिले, लूर्देस गुरिएलला तीन वर्षांचे ४ कोटी २० लाख, आणि मार्चअखेर पिचर जॉर्डन माँटगोमरीला एका वर्षाचे अडीच कोटी. पगारबिल त्यांच्या इतिहासातले सर्वांत मोठे झाले. जिंकलेल्या टेक्सासने ज्याच्या जिवावर अजिंक्यपद मिळवले तो माँटगोमरी हातचा जाऊ दिला. यावरून आपण निष्कर्ष काढता की, इच्छा असेल तर पैसा असतो. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. टेक्सासचे पगारबिल २०२४मध्येही लक्झरी टॅक्सच्या मर्यादेवर होते. त्यांनी खर्च आवरला तो मुळात खूप उंचावरून. ॲरिझोनाचा पाया लहान होता, कॉर्बिन कॅरलसारखा तारा तुलनेने स्वस्त दीर्घ करारात बांधलेला होता, आणि अनपेक्षित वर्ल्ड सिरीजमुळे पुढच्या वर्षी तिकिटे खपणार हे दिसत होते. २०२३मधले १९ लाखांच्या घरातले प्रेक्षक २०२४मध्ये २३ लाखांच्या पुढे गेले. ॲरिझोनाचे मालक केन केंड्रिक यांनी टीव्हीच्या घटीपुढे तिकिटांची वाढ मांडली आणि जोखीम घेतली. माँटगोमरीचा सौदा मात्र साफ फसला, दर नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी सहाच्या वर गेली, आणि त्या कराराचा दोष माझाच असे केंड्रिक यांनी जाहीरपणे मान्य केले. ८९ विजय मिळवूनही संघ प्लेऑफबाहेर राहिला. म्हणजे इच्छा दाखवण्याचा परिणामही निश्चित नसतो.

एक गोष्ट बाहेरून कधीच नीट दिसत नाही, ती म्हणजे कर्ज. लीगच्या नियमांत संघाने किती कर्ज बाळगावे हे त्याच्या कमाईच्या प्रमाणात बांधलेले आहे. टीव्हीचे उत्पन्न घटले की कमाई घटते, कमाई घटली की तेच जुने कर्ज अचानक प्रमाणाबाहेर दिसू लागते, आणि मग एकही नवा डॉलर न उधळता संघाला हात आखडावा लागतो. ट्विन्सच्या मालक पोहलाड कुटुंबाने ऑक्टोबर २०२४मध्ये संघ विक्रीला काढण्याचा विचार जाहीर केला; संघावर ४० कोटी डॉलरच्या पुढे कर्ज असल्याच्या बातम्याही आल्या. जुलै २०२५मध्ये कोरेया, होआन दुरान, ग्रिफिन जॅक्स असे मुख्य संघातले दहा खेळाडू एका आठवड्यात वाटून टाकले गेले आणि कोरेयाच्या उरलेल्या पगारातले ३ कोटी ३० लाख ट्विन्सनी स्वतः भरण्याचे कबूल केले. ऑगस्टमध्ये विक्री रद्द होऊन नवे भागीदार आले. हा क्रम पाहता तो उन्हाळा टीव्हीपेक्षा कर्जाचा होता असे माझे मत आहे. टीव्हीने ते कर्ज उघडे पाडले एवढेच.

तेव्हा, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, पण कशावर ते सांगता येते. संघ कराच्या मर्यादेजवळ असेल तर टीव्हीला कमी दोष द्यावा. करार संपत आला असेल आणि नवा ठरलेला नसेल तर त्या हिवाळ्यात मधल्या पगाराचे खेळाडू जातील असे गृहीत धरावे. मैदान भरत असेल तर मालकाच्या रडगाण्यावर कमी विश्वास ठेवावा. आणि कर्ज मोठे असेल तर टीव्हीची बातमी चांगली आली तरी लगेच आशा धरू नये. २०२८च्या हंगामानंतर लीगचे राष्ट्रीय करार संपतात आणि स्थानिक हक्कही एकत्र करून विकावेत अशी कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांची इच्छा आहे. पण डॉजर्सचा करार त्यापुढेही बरीच वर्षे चालणार आहे आणि यांकीजची येस या वाहिनीत मालकी आहे, तेव्हा आपला ऊस आपल्या शेतातून सामाईक गुऱ्हाळात नेऊ द्यायला ते सहज तयार होणार नाहीत. खेळाडू संघटनेशी असलेला करारही १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो, आणि हे दोन्ही विषय एकाच टेबलावर येतील.

राहिली आपली वर्गणी. २०२५पासून ट्विन्सचे प्रसारण लीगकडे गेले आणि त्या हंगामाची वर्गणी जवळजवळ १०० डॉलर होती. जुन्या करारातले ५ कोटी ४० लाख केवळ अशा वर्गणीतून उभे करायचे तर ५ लाख ४० हजार वर्गणीदार लागतील, आणि त्यातून कॅमेरे, समालोचक, प्रवास यांचा खर्च अजून वजा व्हायचा आहे, जो पूर्वी वाहिनी करत असे. केबल कंपन्यांकडून आणि जाहिरातींतून काही भर पडते, तरी जुना आकडा गाठणे नजीकच्या काळात शक्य दिसत नाही. आपल्या १०० डॉलरपैकी साधारण ४८ सामाईक निधीत जातात आणि त्यातले १ डॉलर ६० सेंट ट्विन्सकडे परत येतात. उरलेल्या ५३-५४ डॉलरमधून निर्मितीचा खर्च भागवून जे राहील ते संघाचे. त्या उरलेल्या पैशातून नवा पिचर घ्यायचा की बँकेचा हप्ता भरायचा, हे वर्गणीच्या पावतीवर लिहिलेले नसते. पण फेब्रुवारीत संघाने मधल्या पगाराचे किती खेळाडू घेतले हे मोजले, तर त्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.